पॅक-मॅनला बटणं नसतात: २२३ डॉलर ५० सेंट गमावल्यावर लिहिते आहे

आधी आकडा सांगते. पॅक-मॅन या जुन्या व्हिडिओ गेमची छोटी मशीन म्हणून ऑनलाइन घेतलेल्या नकली वस्तूचे १६४ डॉलर, कुरियरचे २२ डॉलर आणि नंतर 'कस्टम्स व विमा' या नावाखाली उकळलेले ३७ डॉलर ५० सेंट. एकूण २२३ डॉलर ५० सेंट. यातला एक सेंटही आजपर्यंत परत आलेला नाही, आणि ज्यांच्याकडे दाद मागायची त्या प्रत्येकाने मला दुसऱ्याच्या दारात पाठवलं आहे.

दादाचा पन्नासावा वाढदिवस होता. लहानपणी तो आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून व्हिडिओ गेम खेळायच्या ठिकाणी, पॅक-मॅनच्या कॅबिनेटसमोर (उंच उभ्या मशीनसमोर) उभा असायचा आणि मी त्याच्या कोपराशी. नाणी दोघांची, जॉयस्टिक मात्र त्याच्या हातात. चक्रव्यूहातले ठिपके खात फिरताना लाल भूत मागे लागतं, गुलाबी पुढून गाठायला बघतं, नारिंगी जवळ आलं की वळून आपल्या कोपऱ्याकडे पळतं, हे सगळं मला त्याने तिथे उभ्या उभ्या शिकवलं. चक्रव्यूहातले २४० ठिपके आणि कोपऱ्यांजवळच्या ४ मोठ्या गोळ्या आम्ही दोघांनी मोजल्या होत्या. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण 'माहिती नसलेल्या वस्तूच्या नादाला लागलात' असं मला आतापर्यंत चार जणांनी ऐकवलंय. मला माहिती होती. म्हणूनच जास्त लागलंय.

या छोट्या आर्केड मशीन कशा असतात ते घेणाऱ्यांना ठाऊक आहेच. तळहातावर मावणाऱ्या खेळण्यांपासून लाकडी कॅबिनेट, उजळणारी पाटी आणि खरा खेळ असलेल्या प्रतिकृतींपर्यंत सगळं मिळतं. मला हवी होती ती नमस्कल कंपनीच्या क्वार्टर आर्केड मालिकेतली पॅक-मॅन, मूळ कॅबिनेटच्या पाव आकाराची. पाव आकार म्हणजे उंची साधारण ४३ सेंटीमीटर. ती कुठे शिल्लक दिसेना, म्हणून मी जुन्या आणि संग्राह्य वस्तूंच्या एका मोठ्या ऑनलाइन बाजारात शोधायला लागले. तिथे ही जाहिरात सापडली. 'न उघडलेलं खोकं, भेट म्हणून आलेलं, शेवटचा एकच नग.' किंमत १६४ डॉलर. फुकटात दिल्यासारखी नव्हती, आणि त्यामुळेच मी फसले. ४० डॉलर लिहिले असते तर मी ढुंकूनही बघितलं नसतं.

मी डोळे मिटून पैसे टाकले नाहीत. विक्रेत्याचं खातं सहा वर्षं जुनं होतं. अभिप्राय ९७ टक्के चांगले. मी बारा-पंधरा अभिप्राय वाचलेसुद्धा. ते सगळे मोबाइलच्या कव्हरांचे आणि चार्जिंगच्या वायरींचे होते, हे तेव्हा डोळ्यांसमोर असून दिसलं नाही. जुनी खाती विकत घेऊन किंवा बळकावून त्यांवर महागड्या वस्तू टाकतात, हे मला आता समजलंय. अभिप्राय किती आहेत ते बघू नका, कशाचे आहेत ते बघा.

आता त्या फोटोबद्दल. गेले दोन महिने रात्री तो माझ्या डोळ्यांसमोर येतोय.

जाहिरातीत पाच फोटो होते. पहिले तीन कंपनीचेच, कुठूनही उचलता येतील असे. चौथा खोक्याचा. पाचवा कुणीतरी घरात काढलेला: तपकिरी टेबल, मागे निळा पडदा आणि मशीन थोडी तिरकी ठेवलेली. त्या पाचव्या फोटोत जॉयस्टिकच्या उजवीकडे दोन लाल बटणं होती.

पॅक-मॅनला बटण कशाला? त्या खेळात गोळी झाडायची नसते, उडी मारायची नसते. १९८० साली नामको या जपानी कंपनीने तो काढला तेव्हा खेळण्यासाठी चार दिशांची एक जॉयस्टिक पुरेशी होती. बटणं होती ती फक्त एक खेळाडू की दोन, हे निवडून खेळ सुरू करायची. तोरू इवातानी यांनी हा खेळ ज्यांनी कधी आर्केडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं त्यांच्यासाठी रचला, म्हणून तर तो इतका सोपा ठेवलेला. माझ्यासारखी सहा-सात वर्षांची मुलगी एका हाताने खेळू शकायची, दुसरा हात रिकामा. हे माझ्या हाताला माहीत आहे.

मी तो फोटो मोठा करून बघितला. बटणं दिसली. मनात आलं, 'ही काय आहेत?' हा प्रश्न मला पडला होता, हे मी नाकारणार नाही. आणि त्याचं उत्तर मीच देऊन टाकलं: नव्या आवृत्तीत आवाज कमी-जास्त करायला दिली असतील. कंपनीच्या तीन फोटोंमध्ये ती बटणं नव्हती. एकाच जाहिरातीतल्या दोन फोटोंत दोन वेगळ्या वस्तू होत्या, आणि मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितले नाहीत. एक मिनिटाचं काम होतं. मशीनचा पडदाही, म्हणजे स्क्रीन, आडवा होता, हे नंतर बघितलं. मूळ पॅक-मॅनचा पडदा उभा असतो, २२४ बाय २८८ पिक्सेलचा. चक्रव्यूह उंच, आणि गुण वरच्या बाजूला. आडवा पडदा दिसला तिथेच थांबायला हवं होतं.

पण वाढदिवसाला सहा आठवडे उरले होते आणि विक्रेता गोड बोलत होता. त्याने लिहिलं, 'ताई, बाजाराच्या खात्यातून पैसे आले तर माझे २० डॉलर शुल्कात जातात. पैसे पाठवायच्या ॲपमधून मित्राला पाठवतात त्या पद्धतीने पाठवा, मी कुरियर लवकरचं करतो.' मी १८६ डॉलर तसे पाठवले. हो, पाठवले. कुणी ओळखीचं असल्यासारखं बोलतं तेव्हा त्याच्यावर अविश्वास दाखवायला मला लाज वाटते. मित्राला पाठवल्यासारखे पाठवलेले पैसे म्हणजे स्वतःच्या हाताने दिलेलं दान. ॲपचं खरेदीदार-संरक्षण त्याला लागू होत नाही. हे मला पाठवायच्या आधी कुणी सांगितलं नाही, आणि ॲपने सांगितलं ते इतक्या बारीक अक्षरात की ते वाचण्यासाठी लिहिलेलंच नव्हतं.

अठरा दिवसांनी निरोप आला: पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, ३७ डॉलर ५० सेंट भरा, नाहीतर परत जाईल. सोबत लिंक. ट्रॅकिंग नंबर खरा होता, कुरियर कंपनीच्या साइटवर दिसत होता, म्हणून मी लिंकवर कार्ड वापरून पैसे भरले. कस्टम्सचे पैसे विक्रेता चॅटमध्ये मागत नसतो. कुरियर कंपनी किंवा कस्टम्स खातं स्वतः कळवतं, आणि तेही त्यांच्या साइटवर जाऊन आपण स्वतः तपासायचं. त्याच ट्रॅकिंगच्या पानावर पार्सलचं वजन लिहिलेलं होतं: ०.३८ किलो. ४३ सेंटीमीटर उंच लाकडी कॅबिनेट ३८० ग्रॅम? मी तो आकडा वाचला होता. पण तारीखच बघत राहिले.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पार्सल आलं. खोकं लहान वाटलं, पण मी ते न उघडताच कागदात गुंडाळलं, 'न उघडलेलं' राहायला हवं म्हणून. त्यामुळे ते उघडलं दादाने, सगळ्यांसमोर. वहिनी व्हिडिओ काढत होती. आतून निघालं तळहाताएवढं हलकं प्लास्टिक, बाजूचं स्टिकर वाकडं, पाठीवर तीन सेलची जागा. दादाने ते हातात धरलं, एकदा उलटं-पालटं केलं आणि हळूच म्हणाला, 'अगं, पॅक-मॅनला बटणं कधी होती?'

त्याला एक सेकंद लागला. मी तो फोटो महिनाभर बघत होते.

त्याने मला सावरून घेतलं, सेल आणून लावले. यादी उघडली, ३०० खेळांची. दुसऱ्या दिवशी मी एकेक लावून मोजले: वेगळे खेळ ६१, बाकीचे तेच, नावं बदलून. त्यात पॅक-मॅनसारखं जे होतं ते आर्केडचं नव्हतंच. घरी टीव्हीला जोडायच्या जुन्या कन्सोलसाठी केलेल्या आवृत्तीसारखं, चक्रव्यूह डावीकडे आणि गुण उजव्या बाजूला. मागचे स्क्रू काढून बघितलं तर हिरव्या पट्टीवर काळ्या डांबरासारखा एक थेंब, त्याखाली चिप. शेकडो खेळ कोंबलेली स्वस्त यंत्रं आतून अशीच असतात. एकाच खेळाच्या प्रतिकृतीत '३०० खेळ' असं कुठेही छापलेलं दिसलं, तर ती वस्तू ती नाही.

विक्रेत्याला लिहिलं. पहिलं उत्तर लगेच आलं, अगदी नम्र. 'गोदामात चूक झाली असेल. २० डॉलर परत देतो, वस्तू ठेवा.' मी नाही म्हटलं. मग ४५ डॉलर. मग 'वस्तू परत पाठवा, सगळे पैसे देतो.' परदेशातल्या त्या पत्त्यावर पाठवायला कुरियरने ६८ डॉलर सांगितले. हे सगळं वेळ खाण्यासाठी असतं. पुढचं एकेक उत्तर चार-पाच दिवसांनी येतं आणि तक्रारीची मुदत सरकत राहते. पहिल्या नकारालाच तक्रार नोंदवा. बोलणी करत बसू नका.

आणि आता ज्यांचं काम दाद देणं आहे त्यांच्याबद्दल.

बाजारवाल्यांनी कळवलं की पैसे त्यांच्या खात्यातून गेले नसल्यामुळे हा व्यवहार त्यांच्याकडे झालाच नाही. जाहिरात त्यांच्याकडे, चॅट त्यांच्याकडे, 'शुल्क वाचवा' हे वाक्य त्यांच्याच चॅटमध्ये, तरी व्यवहार झाला नाही! मी विचारलं, निदान जाहिरात तरी काढा. अकरा दिवसांनी छापील उत्तर आलं: नियमभंग आढळला नाही. पैसे पाठवायच्या ॲपने सांगितलं, रक्कम तुम्ही स्वेच्छेने पाठवली आहे. बँकेकडे ३७ डॉलर ५० सेंटांसाठी गेले, कारण ते कार्डावरून गेले होते आणि तिथे काही होऊ शकेल असं वाटलं. बँकेने विचारलं, 'वस्तू मिळाली ना?' मी म्हटलं, चुकीची मिळाली. 'म्हणजे मिळाली.' फॉर्ममध्ये दोनच पर्याय होते, वस्तू मिळाली आणि वस्तू मिळाली नाही. नकली मिळाली यासाठी रकानाच नव्हता. तेव्हा मला कळलं की असे फसवे विक्रेते रिकामं खोकं का पाठवत नाहीत. कसलातरी कचरा पाठवला की 'पोहोचलं' अशी नोंद होते आणि त्या नोंदीवर सगळे बोट ठेवतात.

मी वजनाचा कागद काढून दिला. ०.३८ किलो. खऱ्या वस्तूची मापं जोडली, दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापून दिले, चॅटचं एकेक पान दिलं. बँकेतल्या माणसाने तो गठ्ठा न उघडता टेबलाच्या कडेला ठेवला. तीन आठवड्यांनी निकाल: दावा अमान्य. कारण एका ओळीत.

सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवताना समोरच्याने पहिला प्रश्न विचारला, 'खेळण्यावर एवढे पैसे?' वस्तूच्या नावाच्या जागी त्याने 'खेळणे' लिहिलं. मी म्हटलं, संग्राह्य प्रतिकृती लिहा. तो म्हणाला, तेच ते. रक्कम लहान आहे, विक्रेता बाहेरचा आहे, फार अपेक्षा ठेवू नका. अहो, रक्कम लहान आहे म्हणून तर तो दररोज हे करतो! प्रत्येकाकडून दोनशे-सव्वादोनशे डॉलर घ्यायचे, म्हणजे कुणीच शेवटपर्यंत लढत नाही आणि लढलं तरी कुणी ऐकत नाही. मला तक्रार क्रमांक मिळाला. तो टाकला की पडद्यावर येतं, 'प्रक्रियेत'. सत्तर दिवस झाले, 'प्रक्रियेत'.

तुमच्यापैकी कुणी अशी मशीन घेणार असेल, तर चालू मशीनचा व्हिडिओ मागा, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद ठेवून. फोटो नको. निओ जिओ मिनी घेत असाल तर त्यात बॅटरी नसते, तिला वायरीने वीज द्यावी लागते. 'दहा तास बॅटरी' असं लिहिलंय म्हणजे वस्तू दुसरी आहे. तैतो कंपनीच्या एग्रेट टू मिनीचा पडदा उभा-आडवा फिरतो, विक्रेत्याला कॅमेऱ्यासमोर फिरवून दाखवायला सांगा, नकलेत ते जमत नाही. १९८२ च्या सुमाराची कोलेको कंपनीची टेबलावरची मशीन कुणी विकत असेल तर ती पेटलेली दाखव म्हणावं. बंद पडद्याच्या फोटोवरून त्यातलं काहीच कळत नाही. पार्सल घेताना वजन बघा, आणि खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, भेट असली तरी. न उघडता कागदात गुंडाळलं म्हणून माझ्याकडे खोकं उघडतानाचा पुरावा आहे तो फक्त वहिनीच्या मोबाइलमध्ये, आणि त्यात अर्धा वेळ केकच दिसतो.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. खातं वेगळं, नाव वेगळं, किंमत आता १४९ डॉलर, 'शेवटचा एकच नग'. पाचवा फोटो तोच: तपकिरी टेबल, निळा पडदा, जॉयस्टिकच्या उजवीकडे दोन लाल बटणं. मी खाली इशारा लिहिला. तासाभरात तो काढून टाकला गेला, कारण दिलं होतं, 'विक्रेत्याची बदनामी'. जाहिरात अजून तिथेच आहे.