एका जागेत तीन खेळ: एक पावसाळा काढल्यानंतर

काल आमच्या कोर्टावरच्या पोलच्या भोकाचं परत एक झाकण चोरीला गेलं, म्हणून लिहायला बसलोय.

वारज्यातली आमची सोसायटी, पार्किंगमागची ५२ बाय ३० फुटांची जागा. काँक्रीटवर ॲक्रिलिक, जाळीचे काढता-घालता येणारे पोल, एका टोकाला बास्केटबॉलची रिंग. एकाच जागेत बॅडमिंटन, बास्केटबॉल आणि पिकलबॉल (लहान फळीने भोकांचा प्लास्टिकचा चेंडू जाळीवरून मारायचा खेळ), असं हे मल्टिस्पोर्ट कोर्ट. आधी झाकणांवर येतो.

पोल काढले की ते ज्यात उभे राहतात त्या जमिनीतल्या नळ्यांची, म्हणजे स्लीव्हची, दोन भोकं उघडी राहतात. त्यावर ॲल्युमिनियमचं तळहाताएवढं झाकण बसतं. कोटेशनमध्ये त्याचा साधा उल्लेखही नव्हता. पण ते नसलं की रिंगखालून धावत आलेल्या पोराचा पाय मुरगळलाच म्हणून समजा. पावसात तर आत पाणी साठतं आणि आठवडाभरात अळ्या वळवळायला लागतात. डेंगीच्या डासाला असंच साठलेलं पाणी लागतं. नवीन झाकणाचे ठेकेदाराने साडेआठशे सांगितले, वर व्हिजिट चार्ज वेगळा. अहो, झाकण ठेवायला माणूस कशाला यायला हवा? शेवटी बोहरी आळीत जाऊन मापाचे नायलॉनचे डट्टे आणले, दोनशे रुपयांत जोडी. घट्ट बसतात, चोरून भंगारात विकावेत असेही नाहीत. मूळचं जे एक ॲल्युमिनियमचं उरलं होतं, तेच काल गेलं.

आता आखणी. बॅडमिंटन आणि पिकलबॉल, दोन्हींचं कोर्ट ४४ बाय २० फूट. म्हणजे बाहेरची चौकट एकच, एका रंगात दोन खेळ. घोळ आत आहे. बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिस लाइन जाळीपासून साडेसहा फुटांवर, पिकलबॉलच्या किचनची, म्हणजे जाळीलगतच्या पट्ट्याची, रेषा सात फुटांवर. मध्ये जेमतेम अर्धा फूट, आणि ठेकेदाराच्या नकाशात दोन्ही पांढऱ्या! भांडून एक पिवळी करून घेतली. बास्केटबॉलची तीन गुणांची कमानही त्याने हौसेने काढली. रिंगपासून पावणेसात मीटर त्रिज्या आणि जागेची रुंदी नऊ मीटर, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी भिंतीत शिरते. बिल मात्र रनिंग फुटावर. ते कापलं.

इथपर्यंतचं वाचून ठेकेदार अगदीच टाकाऊ वाटेल, पण उताराला दाद द्यायला हवी. शंभराला एक असा एकाच बाजूला उतार, म्हणजे तीस फुटांत साधारण साडेतीन इंच. उन्हाळ्यात सगळे कुरकुरत होते, चेंडू आपोआप गटाराकडे जातो म्हणून. जुलैमध्ये तोंडं बंद झाली. सर थांबली की एकदा वायपर फिरवायचा, चहा होईपर्यंत कोर्ट खेळायला तयार. शेजारच्या सोसायटीने सपाट कोर्ट केलंय, तिथे दुपारपर्यंत तळं असतं.

बॅडमिंटनचे नियम १८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी बसवले, खेळाला तेव्हा 'पूना' म्हणायचे. ते साहेब जून-जुलैत उघड्यावर खेळत नसणार. पश्चिमेचा वारा सुटला की बॅडमिंटनचं फूल थेट पार्किंगमधल्या स्कूटरवर. त्यामुळे ज्या पिकलबॉलला सर्वसाधारण सभेत 'चार दिवसांचं फॅड' म्हणून आमच्यातले निम्मे हसले होते, तोच आता सकाळ-संध्याकाळ चालतो. भोकांचा प्लास्टिकचा चेंडू वाऱ्याला तेवढा दाद देत नाही. फक्त पोलला खालचा हूक नाही. बॅडमिंटनची जाळी पोलपाशी ५ फूट १ इंच, पिकलबॉलची कडेला ३ फूट, मध्ये ३४ इंच. रोज सुतळीने बांधावी लागते. कोटेशन घेताना दोन्ही उंचीचे हूक लिहून घ्या, नंतर वेल्डिंगचे पैसे वेगळे मागतात.

मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टचं पत्र आलंय, वर्षाला अठरा हजार. दर महिन्याला धुणं आणि वर्षातून एकदा रेषा रंगवणं. पाइप आणि खराटा आमच्याकडे आहे, आणि रेषांना लागतो मास्किंग टेप अन् अर्धा लिटर रंग. मी 'नको' लिहून फाइलला लावलंय.