लाँगरायफल बांधून घेताना: सरळ नळी की स्वॅम्प्ड?

लँकेस्टर (पेन्सिल्व्हेनिया) धाटणीची लाँगरायफल, म्हणजे लांब नळीची ठासणीची रायफल, कारागिराकडून बांधून घ्यायची म्हटलं की बार चकमकीने पेटवायचा की टोपीने, लाकूड मेपल की अक्रोड, हे बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं. अडतं ते नळीपाशी. पेन्सिल्व्हेनियातल्या 18व्या शतकातल्या अस्सल रायफलींच्या नळ्या बहुतांशी स्वॅम्प्ड असत: बुडाशी जाड, पुढे कमरेत बारीक, तोंडाशी पुन्हा किंचित फुललेल्या. सरळ अष्टकोनी नळी स्वस्त पडते आणि कामही लवकर उरकतं.

वजनाचा गैरसमज आधी काढून टाकू. 50 कॅलिबरची (भोक अर्धा इंच) 42 इंची सरळ नळी 15/16 इंच जाडीची असेल तर सव्वासहा पौंडांच्या आसपास भरते, 7/8 ची सव्वापाच. बुडाशी इंचभर असलेली स्वॅम्प्ड नळीही साधारण तेवढीच. काट्यावर शेवटच्या दोघींत फारसा फरक नाही. तो कळतो उभ्याने नेम धरल्यावर. सरळ नळीचं निम्मं वजन मध्याच्या पुढे, म्हणजे डाव्या हाताच्या पलीकडे लोंबतं. माशी निशाणावर बसते, श्वास सोडता सोडता खाली घसरते. उचलली की पुन्हा घसरते. चकमकीच्या बंदुकीत हे जास्त नडतं, कारण चाप ओढल्यापासून रंजक (कानावरची दारू) पेटून बार उडेपर्यंत नळी हलता कामा नये. दस्त्याच्या (लाकडी भागाच्या) बुडात शिसं भरून तोल साधतो खरा, पण बंदूक आणखी जड होते. स्वॅम्प्ड नळीचं वजन बुडाकडे असतं, म्हणून माझा कौल इथेच तिच्याकडे फिरला. टेकू देऊन मारणाऱ्याला मात्र ही कटकट जाणवणारही नाही.

(कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीवरून तोलाचा अंदाज बांधू नये, तिची नळी बिनपेचाची (आतून गुळगुळीत) आणि बरीच पातळ असते.)

कारागिराच्या बाजूने पाहिलं तर सरळ नळीचं पारडं जड. दस्त्यातली तिची खोबण राउटरने निघते. स्वॅम्प्ड नळीला काजळी लावून, दस्त्यात दाबून, डाग पडेल तिथे पटाशीने खरवडत बसावं लागतं. आयता कोरलेला दस्ता घेतलात तर तो त्याच नळीच्या मापाचा हवा, नाहीतर कमरेपाशी फट राहते आणि ती भरून निघत नाही. नळीचं बूड जाड असल्याने खोबण आणि गजाचं (बार ठासायच्या सळईचं) भोक यांच्यातलं लाकूड तिथेच पातळ होतं. ते 1/8 इंचाच्या खाली गेलं की लॉकचा (बार पेटवणाऱ्या यंत्रणेचा) पुढचा स्क्रू गजाला अडतो. म्हणून खोबणीच्या तळातून बारीक ड्रिल घालून जाडी आधी मोजावी.

दुसरी मेख कमरेत. तिथे पाऊण इंची नळीत 50 कॅलिबरचं भोक वजा केलं की भिंत जेमतेम 1/8 इंच उरते, आणि पेचांच्या खाचा त्यातूनही थोडी खातात. नळी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या खुंट्यांच्या कड्यांसाठी 0.060 इंच खोल खाच तिथे मारू नये; 0.040 वर थांबावं किंवा कडी झाळून बसवावी. कड्यांमधली भोकं थोडी लांबट ठेवावीत, कारण हवामानाबरोबर मेपल फुगतं-आकसतं.

36 किंवा 40 कॅलिबरची, 38 इंची रायफल हवी असेल तर 13/16 ची सरळ नळी पुरेशी हलकी असते. तिथे जादा पैसे घालावेत असं मला वाटत नाही. 45 च्या वर आणि 42 इंचांहून लांब असेल, शिवाय उभ्याने मारायची असेल, तर स्वॅम्प्डच मागवा. पैसे कमी पडत असतील तर कोरीवकाम आणि पितळी पॅचबॉक्स (दस्त्यातली झाकणाची डबी) साधे ठेवावेत. कोरीवकाम नंतर करता येतं, दस्ता तासून झाल्यावर नळी बदलता येत नाही.