डीएमसीचा सहा पदरी धागा: भरतकामाला उत्तम, क्रोशाला नको, फोटोच्या पानांवर जपून

भरतकाम, क्रोशे आणि फोटोची सजवलेली पानं हे तिन्ही करणाऱ्यांच्या डब्यात एक वस्तू हमखास सापडते: डीएमसी या फ्रेंच कंपनीच्या सहा पदरी सुती धाग्याच्या लड्या. घरात असतात म्हणून त्या तिन्ही कामांना वापरल्या जातात. हा धागा एकाच कामासाठी बनलेला आहे आणि त्या कामात तो फार चांगला आहे. दुसऱ्या कामात तो त्रास देतो, तिसऱ्यात काळजी घेतली तर छान दिसतो.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. एका लडीत ८ मीटर धागा असतो. तो सहा पदरांचा असतो आणि प्रत्येक पदर वेगळा काढता येतो, म्हणजे एका लडीतून ४८ मीटर एकेरी पदर मिळतो. धागा शंभर टक्के सुती, लांब तंतूंच्या कापसाचा आणि मर्सराइझ केलेला. मर्सराइझ करताना सूत ताणून धरून कॉस्टिक सोड्यातून काढतात. त्यामुळे कापसाचा चपटा, पिळवटलेला तंतू फुगून गोल होतो, प्रकाश एकसारखा परततो आणि रंगही खोल चढतो. या धाग्याची रेशमासारखी झळाळी तिथून येते. फ्रान्समधल्या मुलूझ इथली ही कंपनी १७४६ पासूनची. सुरुवातीला ती कापडावर छपाई करायची, धाग्याकडे नंतर वळली.

याची खरी ताकद क्रमांकांत आहे. ५०० एकरंगी छटा आणि प्रत्येकीला ठरलेला क्रमांक. ३१० म्हणजे काळा, ३२१ म्हणजे लाल, हे भरतकाम करणाऱ्यांना पाठ असतं. आपलं काम दुसऱ्यांना दाखवताना रंगाचा क्रमांक, किती पदर वापरले आणि कापड किती काउंटचं (म्हणजे एका इंचात किती चौकटी) एवढं लिहिलं, तर कुणालाही ते हुबेहूब करता येतं. ‘गुलाबी धाग्याने भरलं’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. क्रमांकांना छटेनुसार सलग क्रम मात्र नाही. शेजारच्या दोन क्रमांकांचे रंग अगदी वेगळे असू शकतात, त्यामुळे अंदाजाने मागवू नका, धाग्याचे तुकडे लावलेलं रंगपत्रक पाहून ठरवा. छापील किंवा पडद्यावरच्या रंगपत्रकावर विसंबून पानांचे हिरवे निवडले तर बहुतेक वेळा फसगत होते.

पांढऱ्यांकडे विशेष लक्ष द्या. ‘ब्लां’ हा मऊ पांढरा, ‘बी५२००’ हा निळसर झाक असलेला लखलखीत पांढरा, ‘एक्रू’ मळकट पांढरा. लडीत ब्लां आणि बी५२०० सारखेच वाटतात, पण एकाच पाकळीत दोन्ही आले तर पाकळी दोन तुकड्यांची दिसते.

अँकर या दुसऱ्या ब्रँडच्या सहा पदरी धाग्याशी तुलना नेहमी होते. तोही ८ मीटरच्या लडीत येतो आणि गुणवत्तेत फार मागे नाही. पण दोघांचे क्रमांक वेगळे आहेत, आणि रूपांतराचे तक्ते ‘जवळचा रंग’ देतात, तोच रंग देत नाहीत. डीएमसी ३१० ऐवजी अँकर ४०३ घेतला तर काळ्याला काळाच मिळतो, पण त्वचेचे रंग, पानांचे हिरवे आणि फिकट जांभळे यांत फरक उघड दिसतो. अर्धं काम झाल्यावर ब्रँड बदलू नका.

आता लडी वापरायची कशी. दोन्ही टोकांच्या कागदी पट्ट्या काढायच्या नाहीत. बाहेर आलेला सैल शेंडा हलक्या हाताने ओढायचा, धागा सरसर निघतो. अडखळला तर तिथेच थांबा आणि दुसऱ्या टोकाकडून पाहा. जोर लावला की आत गाठ बसते आणि पुढे सगळी लडी उलगडावी लागते. एका वेळी सुमारे ४५ सेंटिमीटर कापा, बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत साधारण तेवढं भरतं. लांब धागा घेतला की वेळ वाचेल असं वाटतं, पण कापडातून प्रत्येक वेळी जाताना धागा घासला जातो आणि शेवटच्या भागावर लव उठून झळाळी जाते. सुईच्या नेढ्यापाशी तर सर्वांत जास्त झीज होते, म्हणून अधूनमधून सुई थोडी सरकवत राहा.

पदर वेगळे करताना एका वेळी एकच काढायचा. वरचं टोक चिमटीत धरा, एक पदर सरळ वर ओढा. बाकीचे पाच खाली गोळा होतात, गुंता झाला असं वाटतं, पण तो पदर पूर्ण सुटला की ते आपोआप सरळ लोंबतात. दोन किंवा तीन पदर एकदम ओढले तर ते एकमेकांभोवती उलटे पिळत जातात आणि खरी गाठ तिथेच पडते. दोन पदर हवे असले तरी दोन्ही वेगळे काढा आणि मग शेजारी ठेवून ओवा. ही एक पायरी बरेच जण गाळतात, आणि टाका दोरीसारखा गोल दिसतो म्हणून धाग्याला दोष देतात. वेगळे करून जोडलेले पदर कापडावर सपाट पसरतात आणि जागा जास्त झाकतात.

किती पदर घ्यायचे ते कापडावर अवलंबून. ११ काउंटच्या ऐडावर (चौकटींच्या विणीचं भरतकामाचं कापड) क्रॉस स्टिचला, म्हणजे फुलीच्या टाक्याला, तीन, १४ काउंटवर दोन, १८ वर एक किंवा दोन. बोथट टोकाची टॅपेस्ट्री सुई १४ काउंटला २४ नंबरची, १८ ला २६ नंबरची. साध्या सुती कापडावर मोकळं भरतकाम असेल तर टोकदार एम्ब्रॉयडरी सुई लागते. बारीक अक्षरं उलट्या टाक्यात एक किंवा दोन पदरांनी, देठ टाका दोन-तीन पदरांनी, ठसठशीत लेझी डेझी (पाकळीच्या आकाराचा सुटा साखळी टाका) तीन-चार पदरांनी. सहाच्या सहा पदरांनी भरीव टाका घालू नका. कडा जाड, वेड्यावाकड्या येतात. भरीव टाक्याला एक किंवा दोन पदर, आणि आधी आकाराच्या कडेने बारीक उलटा टाका घालून मग त्याच्यावरून भरायचं, म्हणजे कड रेखीव येते.

लडी किती लागतील याचा हिशोब सोपा आहे. १४ काउंटची एक चौकट सुमारे १.८ मिलिमीटरची. एका पूर्ण क्रॉसला समोर दोन तिरपे टाके आणि मागे दोन सरळ उड्या मिळून ९ मिलिमीटरच्या आसपास धागा जातो. दोन पदरांनी काम करताना लडीचे २४ मीटर होतात, म्हणजे कागदावर २,६०० हून जास्त क्रॉस. पण प्रत्येक तुकड्याचं शेवटचं टोक वाया जातं, मागून इकडून तिकडे जाण्यात धागा खर्च होतो. म्हणून १,८०० धरा. १० सेंटिमीटर बाजूच्या भरीव चौकोनात तीन हजारांवर क्रॉस बसतात, म्हणजे दोन लड्या. मोठ्या एकरंगी पार्श्वभूमीसाठी सगळ्या लड्या एकदमच घ्या. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या लड्यांत छटेचा बारीकसा फरक निघाला तर तो मोकळ्या पार्श्वभूमीवरच सर्वांत आधी दिसतो.

सुरुवात गाठीने करू नका. दोन पदरी कामाला फासाची पद्धत उत्तम: ९० सेंटिमीटरचा एकच पदर मधोमध दुमडा, दोन्ही टोकं एकत्र नेढ्यात ओवा, मागे फास राहतो. सुई खालून वर काढा, पहिला अर्धा टाका घालून खाली न्या आणि त्या फासातून काढून ओढा. गाठ नाही, वाया जाणारं टोक नाही. ‘कलोरी’ नावाच्या, एकाच लडीत चार रंग असलेल्या प्रकाराला मात्र ही पद्धत चालत नाही, कारण दुमडल्यावर दोन पदरांवर वेगळे रंग शेजारी येतात आणि रंगाचा हळूहळू बदलणारा ओघ तुटतो.

काम करताना पीळ वाढत जातो. बोटांत सुई नकळत फिरत असते. दर आठ-दहा टाक्यांनी कापड उलटं धरून सुई लोंबती सोडा, ती स्वतःभोवती फिरून पीळ सोडवते.

रंग सुटण्याची तक्रार या धाग्याबद्दल कमी येते, पण गडद लाल छटांकडे लक्ष हवंच. ३२१, ४९८, ८१५ पांढऱ्या कापडावर वापरण्याआधी धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या सुती चिंधीत दाबून पाहा. डाग आला तर ती लडी थंड पाण्यात, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि वाळवून मग भरायला घ्या. पूर्ण झालेल्या कामात रंग पसरला तर पहिला नियम: वाळू देऊ नका आणि इस्त्री लावू नका. वाहत्या थंड पाण्याखाली धरा, पिळू नका. ओला असेपर्यंत सुटलेला रंग निघून जाण्याची आशा असते, वाळला आणि उष्णता लागली की डाग पक्का. धुऊन झाल्यावर जाड टॉवेलवर काम पालथं घालून मागून इस्त्री करा, म्हणजे फ्रेंच नॉट (गाठीसारखे उठावाचे टाके) चेपत नाहीत.

हेच क्रमांक टाकून विकल्या जाणाऱ्या स्वस्त लड्यांचे गठ्ठे सगळीकडे दिसतात. सरावाला घ्यायला हरकत नाही. पण पदर एकसारख्या जाडीचे नसतात आणि काही गठ्ठ्यांत सूत नसून पॉलिस्टर असतं. तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहिला की कळतं: सूत कागदासारखा वास देत जळतं आणि बोटाने चुरडणारी मऊ राख उरते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

क्रोशासाठी हा धागा मी कुणालाही सुचवणार नाही. त्याचे पदर वेगळे व्हावेत म्हणूनच पीळ सैल ठेवलेला असतो. क्रोशाची सुई नेमकी त्या पदरांच्या मधे घुसते, सहातले चार पदर ओढले जातात, दोन मागे राहतात, आणि खांबाच्या (क्रोशाच्या उभ्या टाक्याच्या) शेजारी बारीक फास लोंबतो. गोलसर टोकाची सुई घेतली तर प्रकार कमी होतो, थांबत नाही. शिवाय ८ मीटरची लांबी क्रोशाला फारच तोकडी. रुमालाची कड विणताना सारखी जोडाजोड आणि तितकीच टोकं लपवणं. त्याजागी त्याच कंपनीचं पर्ल कॉटन ८ नंबर घ्या. दोन पदरांचा घट्ट पीळ, पदर सुटत नाहीत, १० ग्रॅमच्या गोळ्यात सुमारे ८० मीटर. रंगांचे क्रमांकही सहा पदरी धाग्याशी जुळणारे, त्यामुळे भरलेल्या फुलाच्या रंगाचीच कड मिळते. सुई १.५ मिलिमीटरच्या आसपास. किती धागा लागेल ते मोजायला १ मीटर धाग्याला खूण करा, कडेचा नमुना विणा, किती सेंटिमीटर कड झाली ते पाहा आणि एकूण घेराला त्याने भागा.

क्रोशाच्या बाहुल्यांना डोळे आणि तोंड भरायला मात्र सहा पदरी धागा हवाच. लहान बाळाच्या खेळण्याला प्लास्टिकचे डोळे लावण्यापेक्षा ३१० च्या सहा पदरांनी भरलेले डोळे सुरक्षित, निघून तोंडात जाण्याची भीती नाही.

फोटोच्या पानांवर शिवण फार देखणी दिसते. कागद जाड हवा, निदान २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम). सुईने थेट टोचत जाऊ नका. पानाखाली फोमचा तुकडा ठेवून टाचणीने सगळी भोकं आधी पाडून घ्या, दोन भोकांत किमान ३ मिलिमीटर अंतर ठेवा. याहून जवळ गेलात तर तिकिटांच्या कागदासारखी रेष तयार होते आणि धागा ओढताच पान फाटतं. दोन किंवा तीन पदर, उलटा टाका, धागा ओढायचा तो कागदाला समांतर. मागे गाठ मारू नका, ती समोरच्या पानावरच्या फोटोत रुतते. टोकं आम्लमुक्त चिकटपट्टीने सपाट बसवा.

मूळ फोटोतून सुई कधीही घालू नका. भोकापासून वरचा थर तडकतो आणि तो परत जुळत नाही. शिवायचंच असेल तर दुसरी प्रत काढा, नाहीतर फोटोभोवती चौकट शिवा. गडद लाल धागा फोटोला चिकटून ठेवू नका, दमट हवेत रंग उतरण्याचा धोका असतो. पान ठेवायची पारदर्शक पिशवी पीव्हीसीची नको, पॉलिप्रॉपिलिनची घ्या. फोटोजवळ येणारा कागद आणि डिंक घेताना आयएसओ १८९१६ या चाचणीचा उल्लेख वेष्टणावर आहे का ते पाहा, ती चाचणी नेमकी फोटोवर होणाऱ्या परिणामाची आहे.

पानांवर चमक हवी म्हणून याच कंपनीचा ‘लाइट इफेक्ट्स’ हा चकाकता धागा घ्यावासा वाटतो. तो पॉलिस्टरचा आहे, टोकं उसवतात, कागदाच्या भोकात घासला की चकाकी सोलते. घ्यायचाच असेल तर ३० सेंटिमीटरहून लांब कापू नका, मोठ्या नेढ्याची सुई वापरा आणि धागा नेढ्यापाशी अडकवून घ्या, म्हणजे घसरत नाही. कापडावर तो एखाद्या चांदणीपुरता चालतो. सबंध आकार भरायला मी तो वापरणार नाही.

साठवताना लडी कार्डावर गुंडाळणार असाल तर क्रमांक आधी कार्डावर लिहा, पट्टी नंतर काढा. पट्टी हरवलेली लडी म्हणजे नुसता ‘कुठलातरी हिरवा’. कार्डावर पडलेल्या घड्या ओलसर स्पंजवरून धागा ओढला की निघतात, वाळवून मगच ओवा.