समुद्राजवळ पत्रा घेताय? आमच्या छपराचं काय झालं ते आधी वाचा

ज्यांना यंदा पावसाच्या आधी छप्पर बदलायचंय, खास करून हर्णै, आंजर्ले, केळशी, श्रीवर्धन, गुहागर अशा बाजूला अगदी किनाऱ्याला घर आहे, त्यांनी हे पूर्ण वाचा प्लीज. आमचा पत्रा दोन पावसाळ्यांत गंजला. चौकशी केली तर आमच्याच वाडीत अजून तीन घरांचं तेच झालेलं आणि सगळ्यांना दुकानदाराने एकच उत्तर दिलंय, "समुद्र आहे ना समोर, खाऱ्या हवेने पत्रा जाणारच." हे धादांत खोटं आहे. खारी हवा पत्र्याला खाते हे खरंच, पण चांगला पत्रा दोन वर्षांत नाही खात. आम्हाला जो दाखवला तो दिलाच नव्हता.

आमचं घर कौलारू, मंगलोरी कौलं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात अर्धं पाखं उडालं, तेव्हा ताडपत्री टाकून आणि मिळतील तिथून जुनी कौलं गोळा करून कसंबसं झाकलं. त्या वर्षी आमच्याकडे पत्र्याला कसली मारामारी होती ते दापोली-मंडणगडच्या लोकांना सांगायला नको. नंतर मग माकडं. एक कळप येऊन गेला की पडवीवरची कौलं फुटलीच, आणि दरवर्षी कौलं परतायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. सासूबाईंना कौलंच हवी होती, घर थंड राहतं म्हणून, पण शेवटी सगळ्यांनी मिळून कलर पत्रा ठरवला.

तालुक्याच्या गावातलं दुकान, नाव लिहीत नाही कारण केस चालू आहे. मी आणि धाकटे दीर गेलो होतो. आम्ही आधीच सांगितलं की घर समुद्रापासून जवळ आहे, पुळणीवरून वारा थेट येतो. त्याने काउंटरखालून एक तुकडा काढला, चांगला जाड, मागच्या बाजूला नामांकित कंपनीचं नाव, जाडी 0.50 एमएम आणि एझेड 150 (हा कोटिंग किती आहे त्याचा आकडा) असं छापलेलं. म्हणाला, "वहिनी, हा गॅल्व्हल्यूम आहे, पंधरा वर्षं वर बघायला लागणार नाही." गॅल्व्हल्यूम म्हणजे ॲल्युमिनियम आणि जस्ताचं कोटिंग चढवलेला पोलादी पत्रा. दर पण त्याच मालाचा लावला, घासाघीस करून फुटाला थोडे कमी केले. बिल मागितलं तर म्हणाला माल पोचला की जीएसटीचं पक्कं बिल देतो. बिल आलं ते गाडीबरोबर, ट्रक आगरात उभा, हमाल घाई करतायत, आणि त्यावर नुसतं "कलर शीट", लांबी आणि नग. जाडी नाही, कोटिंग नाही, कंपनी नाही. दिरांनी तिथूनच फोन लावला तर "कॉम्प्युटरमध्ये तसंच निघतं हो, माल तोच आहे".

माल तो नव्हता. पत्र्यावर स्टिकर होता त्यात कंपनीच्या नावात एक अक्षर वेगळं होतं, रंग आणि अक्षरांची ठेवण अगदी सारखी, त्यामुळे लांबून कुणालाही तीच कंपनी वाटेल. मागच्या बाजूला छापलेलं काहीच नाही. चांगल्या कंपन्या पत्र्याच्या मागे ठरावीक अंतरावर नाव, जाडी आणि कोटिंग छापतात. ते छापलेलं नसेल तर गाडी रिकामी करूच देऊ नका.

आता गंज कुठे आला ते नीट सांगते कारण तिथेच सगळ्यांची दिशाभूल होते. वरून पत्रा छान दिसत होता, निळा रंग तसाच. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दिवाळीच्या साफसफाईत ओटीवर उभं राहून पुढची पागोळीकडची बाजू खालून पाहिली तर तिथे पांढरी पावडर धरलेली आणि मधेमधे लाल ठिपके. बोटाने खरवडलं तर रंगाची खपली निघाली आणि खाली भुगा. वरच्या बाजूवरचं मीठ पावसाने धुऊन जातं, पण पडवीच्या खालच्या अंगाला पाऊस लागतच नाही, तिथे मीठ साचत राहतं, हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि पत्रा खालून जातो. म्हणून खालून बघा. आणि दर काही महिन्यांनी, निदान उन्हाळ्यात, खालच्या बाजूला पाईपने गोडं पाणी मारा.

स्क्रूचं तर त्याहून वाईट. दिरांनी एक स्क्रू पान्याने जरा फिरवला तर डोकं तुटून हातात आलं. खालचा वॉशर ईपीडीएमचा, म्हणजे ऊन-पावसात टिकणाऱ्या रबराचा, म्हणून पैसे घेतले होते, निघाला साधा रबर, उन्हाने कडक होऊन चिरा पडलेला. किनाऱ्यावर चांगल्या जाड कोटिंगचे स्क्रू लागतात, आम्हाला साधे पॉलिशवाले मारले. आणि त्याच दुकानदाराने पाठवलेल्या माणसांनी पत्रे कापले ते ग्राइंडरने. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी कडेचं कोटिंग जळतं, लोखंडाचा गरम कीस बाजूच्या रंगावर चिकटून बसतो आणि त्या प्रत्येक कणाभोवती गंजाचा डाग धरतो. पत्रा कातरीने नाहीतर निबलरने (ठिणग्या न उडवता पत्रा कुरतडत कापणारं मशीन) कापायला सांगा आणि संध्याकाळी झाडून घ्या, झाडल्याशिवाय माणसं सोडू नका.

दिरांचा मित्र रत्नागिरीला फॅब्रिकेशन करतो, तो मायक्रोमीटर घेऊन आला. जाडी भरली 0.35. मग एक पत्रा उतरवून वजन केलं. हा हिशोब सगळ्यांनी लिहून ठेवा, याला काही लागत नाही: लावल्यावर साधारण 1 मीटर झाकणारा जो नेहमीचा पत्रा असतो, तो 12 फुटी आणि 0.50 एमएमचा असेल तर 16 किलोच्या आसपास भरतो, कंपनीप्रमाणे किलोभर इकडेतिकडे. 0.35 चा तोच पत्रा 11 किलोच्या आसपास. आमचा 11 भरला. म्हणजे आम्ही पैसे दिले जाड पत्र्याचे आणि प्रत्येक नगामागे पाच किलो पोलाद दुकानदाराने खिशात घातलं.

नंतर तुकडा पुण्याला लॅबला पाठवला. तिथे ॲसिडमध्ये कोटिंग काढून आधीचं आणि नंतरचं वजन घेतात. गॅल्व्हल्यूमचं कोटिंग म्हणजे 55 टक्के ॲल्युमिनियम, 43 टक्क्यांच्या वर जस्त आणि थोडं सिलिकॉन, आणि एझेड 150 म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 150 ग्रॅम. आमच्या तुकड्यावर त्याच्या निम्मं पण नव्हतं आणि तेही साधं जस्त. काही लोक सांगतात चुंबक लावून बघा म्हणून. चुंबकाने फक्त ॲल्युमिनियमचा पत्रा ओळखता येतो, गॅल्व्हल्यूम आणि साधा जीआय (नुसतं जस्त चढवलेला पत्रा) दोन्ही आतून लोखंडच, दोन्हीला चिकटणार. रंगाखाली काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि हे लोक नेमका त्याचाच फायदा घेतात.

दुकानदाराकडे रिपोर्ट घेऊन गेलो तर आधी "लॅबवाले काय पण लिहितात", मग "बिलात कुठे 0.50 लिहिलंय दाखवा". म्हणजे बिलात मुद्दाम लिहिलं नव्हतं! वॉरंटीचा कागद काढला तर त्यात बारीक अक्षरात समुद्रकिनाऱ्याजवळच्या घरांना वॉरंटी लागू नाही असं होतं, आणि आम्ही पहिल्याच दिवशी त्याला घर कुठे आहे ते सांगितलेलं. वॉरंटीत अशी अट चांगल्या कंपन्यांची पण असते, तेव्हा पंधरा वर्षं वीस वर्षं असले आकडे ऐकू नका, किनाऱ्यापासून किती अंतरापर्यंत वॉरंटी चालते ते लेखी मागा. आणि "गेज"मध्ये बोलला तर थांबवा, एमएममध्ये बोलायला लावा. बेस मेटल (आतलं नुसतं पोलाद) किती आणि रंग-कोटिंग धरून किती हे दोन वेगळे आकडे असतात, दोन्ही बिलावर हवेत, सोबत कोटिंगचं ग्रॅममधलं वजन आणि कंपनीचं नाव. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी.

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की हा माणूस परका नाही, इथलाच आहे, निसर्गमध्ये लोकांची काय अवस्था झाली ते त्याने पाहिलंय. वादळात पातळ पत्रा स्क्रूपाशी फडफडतो, भोक मोठं होतं आणि एक पत्रा सुटला की मागचे सुटत जातात, आणि उडालेला पत्रा कुणाच्या मानेवर बसेल सांगता येत नाही. आमच्या ओटीवर सासूबाई दिवसभर बसून असतात.

1915 वर फोन केला, तो राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील पण सक्तीचा नाही, आणि 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. मुदत 2 वर्षांची असते, त्यामुळे गंज दिसला की बघू पुढच्या मे महिन्यात असं करू नका. वाडीतल्या बाकीच्या तिघांनाही तेच सांगितलंय, त्यातल्या एकांनी पत्रे उतरवून भंगारात घातले आणि आता त्यांच्याकडे दाखवायला काहीच नाही. तुमचा पत्रा काढायची वेळ आली तर स्टिकरसकट एक अख्खा पत्रा, चार-पाच स्क्रू वॉशरसकट आणि काढतानाचे फोटो घरात ठेवून द्या, आणि दुकानदाराशी पुढचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर लिहूनच करा.