पेटीतली शाळा आणि तिचा चौथा महिना

युनिसेफची ‘स्कूल-इन-अ-बॉक्स’ ही पेटी कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि ज्या मुलांसाठी ती बनवली जाते त्यांना किंवा त्यांच्या शिक्षकांना ती पारखून घेण्याची संधी कधी मिळत नाही. पूर, भूकंप किंवा युद्ध झाले की ती येते, आणि मदत म्हणून जे आले त्याला नावे ठेवू नयेत अशी आपली रीत असल्यामुळे तिच्याकडे एक वस्तू म्हणून फारसे कोणी पाहत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये २८ वर्षे काढली, त्यातली शेवटची काही वर्षे शिरोळ तालुक्यात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाचा प्रमुख होतो, आणि निवृत्तीनंतर एका प्रशिक्षण शिबिरात ही पेटी उघडून तिच्यातली एकेक वस्तू हाताळून पाहिली. तेव्हापासून तिच्याविषयी लिहावे असे मनात होते.

पेटी ॲल्युमिनियमची असून तिला कुलूप लागते. एक शिक्षक आणि ४० विद्यार्थी यांना तीन महिने पुरेल एवढे साहित्य तिच्यात असते आणि शाळा दोन पाळ्यांत भरवली तर तेच ८० मुलांपर्यंत पोचवता येते. वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि कात्र्या मुलांसाठी, तर लाकडी घड्याळ, मोजमापाची साधने, मोजणीचे ठोकळे आणि अक्षरे, अंक व पाढे यांचे तक्ते शिक्षकासाठी. सोबत एक विशेष रंग येतो. तो पेटीच्या झाकणाला आतून दिला की झाकणाचाच फळा होतो. ही युक्ती ज्याला सुचली त्याने कधीतरी फळ्यावाचून वर्ग घेतला असणार, असे मला तो रंग हातात घेतल्यावर वाटले. पुरानंतर मंदिराच्या ओवरीत किंवा मंगल कार्यालयात वर्ग भरवायची वेळ आली की सर्वांत आधी उणीव भासते ती फळ्याचीच. खडू कुठेही मिळतो, पण खडूने लिहिता येईल असा काळा, सपाट पृष्ठभाग मिळत नाही.

वह्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. या पेटीतल्या वह्यांना समास आखलेला नसतो. ‘समास सोडा’ हे वाक्य ज्याने हजारो वेळा उच्चारले आहे, अशा माझ्यासारख्या शिक्षकाला ती कोरी पाने प्रथम खटकली. मग कारण कळले: डावीकडून उजवीकडे लिहिणारे मूल आणि अरबी किंवा उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे लिहिणारे मूल या दोघांनाही तीच वही चालावी म्हणून समासच काढून टाकला आहे. पाठ्यपुस्तक तर पेटीत मुळीच नाही. कोणत्याही देशाचा, भाषेचा, धर्माचा किंवा अभ्यासक्रमाचा शिक्का तिच्यावर नसतो, आणि म्हणूनच युनिसेफच्या कोपनहेगनमधल्या कोठारात ती आधीपासून बांधून ठेवता येते व ७२ तासांच्या आत जगाच्या कोणत्याही टोकाला रवाना करता येते. संपूर्ण वस्तूची रचना या एका निर्णयावर उभी आहे, आणि तिच्या गुणांचा व दोषांचा उगमही तिथेच आहे.

या कल्पनेचा जन्म आफ्रिकेतला. १९९३ मध्ये युनेस्कोने सोमालियात शिक्षकांसाठी आणीबाणीचा संच तयार केला, आणि १९९४ मध्ये रवांडातल्या नरसंहारानंतर लाखो लोक टांझानियाच्या न्गारा जिल्ह्यातल्या छावण्यांत आले, तेव्हा असे संच तिथल्या मुलांपर्यंत पोचवण्यात आले. पुढे युनिसेफने त्याला आजचे पेटीचे रूप दिले आणि इराणमधल्या बामच्या भूकंपापासून २००४ च्या त्सुनामीपर्यंत व २०१० मधल्या हैतीच्या भूकंपापर्यंत ती वापरली गेली. तंबू, अन्न आणि औषध यांच्या रांगेत शाळेलाही जागा असली पाहिजे हे त्या काळी सर्वांना मान्य नव्हते. ते पटवून देण्याचे काम या पेटीने पुष्कळ अहवालांपेक्षा अधिक केले असावे, कारण पेटी विमानात चढवता येते आणि तिचा हिशेब ठेवता येतो.

मात्र पेटी विमानतळावर उतरते, तिथून वर्गापर्यंत ती आपल्या पायांनी चालत जात नाही. या टप्प्यावर वस्तूचे परीक्षण संपून सेवेचे परीक्षण सुरू होते. शिरोळ तालुक्यात ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा या दोन्ही नद्या एकदम चढल्या, तेव्हाचा माझा अनुभव सांगतो. पाणी ओसरल्यावर पंधरवड्याच्या आत रस्त्यालगतच्या एका शाळेत चार वेगवेगळ्या मंडळांनी वह्यांचे गठ्ठे आणून दिले, चारही वेळा फोटो निघाले, आणि तिथून थोड्याच अंतरावरच्या, पण रस्ता खचलेल्या वस्तीशाळेत एकही वही पोचली नव्हती. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. कोणी कुठे काय दिले आहे याचा एक कागद कोणाकडेच नव्हता, एवढेच. शेवटी मी आणि शेजारच्या केंद्राचे सहकारी मोटारसायकलवर गठ्ठे बांधून ते वाटत फिरलो. पहिल्या शाळेतल्या मुख्याध्यापक बाईंनी जादाच्या वह्या विनातक्रार परत दिल्या, पण दुसऱ्या एका ठिकाणी ‘आमच्या नावाने आलेले आम्ही का द्यायचे’ हेही ऐकावे लागले.

असा कागद तयार करण्याचे काम जागतिक पातळीवर २००७ पासून शिक्षण क्लस्टर करते. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतव्यवस्थेची फेररचना होऊन एकेका विषयाचा एकेक गट ठरवला गेला, त्यात शिक्षणाचा गट थोडा मागाहून आला आणि युनिसेफ व सेव्ह द चिल्ड्रन या दोन संस्थांकडे त्याचे संयुक्त नेतृत्व देण्यात आले. कोण, काय, कुठे आणि केव्हा करते याचा तक्ता भरणे, तो दर आठवड्याला सर्वांपुढे ठेवणे आणि मोकळी राहिलेली रकाने दाखवून देणे हे या गटाचे सर्वांत रूक्ष आणि सर्वांत मोलाचे काम आहे. आपल्याकडे ज्याला शिक्षण विभागात ‘केंद्र’ म्हणतात त्यालाच इंग्रजी कागदपत्रांत क्लस्टर हा शब्द असतो, त्यामुळे प्रशिक्षणात हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो ओळखीचा वाटला, आणि खरे सांगायचे तर कामही तितकेच ओळखीचे निघाले.

पेटी आणि तक्ता हे दोन्ही एकत्र आले की काय होते हे पाहायचे असेल तर नेपाळकडे पाहावे. २५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास तिथे ७.८ क्षमतेचा भूकंप झाला. तो शनिवार होता आणि नेपाळमध्ये शनिवारी साप्ताहिक सुट्टी असते, म्हणून हजारो वर्गखोल्या कोसळल्या तरी त्या रिकाम्या होत्या. १२ मे रोजी दुसरा मोठा धक्का बसल्यामुळे शाळा उघडण्याचा बेत पुढे ढकलावा लागला, आणि अखेर ३१ मे रोजी बांबू, ताडपत्री व पत्र्याच्या तात्पुरत्या वर्गांत शाळा सुरू झाल्या. पावसाळा तोंडावर असताना डोंगराळ जिल्ह्यांत पाच आठवड्यांत हे घडणे सोपे नव्हते. सरकारचा शिक्षण विभाग आणि वरच्या दोन संस्था यांचा गट एकत्र बसून काम वाटून घेत असल्यामुळे ते जमले, असे माझे मत आहे. शाळा उघडल्यावर लगेच धडे सुरू न करता आधी मुलांना खेळू, बोलू आणि चित्रे काढू द्यावे ही त्यांची सूचना मला विशेष आवडली. आमच्याकडे पुरानंतर पहिल्याच आठवड्यात ‘अभ्यासक्रम किती झाला’ असा प्रश्न विचारला गेला होता, याची इथे आठवण होते.

आता चौथ्या महिन्याविषयी. पेटी तीन महिन्यांची आहे आणि तिचे निर्माते ते लपवत नाहीत; तिने पुढचे प्रश्न सोडवावेत अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तरीही ते प्रश्न तिच्या कोरेपणातूनच निघतात. वहीला समास नाही हे ठीक, पण तिच्यात कोणत्या भाषेत लिहायचे? कोणत्या इयत्तेचे लिहायचे, आणि लिहून झाल्यावर त्या मुलाला उत्तीर्णतेचा कागद कोण देणार? बांगलादेशातल्या कॉक्स बझारमध्ये या प्रश्नांची किंमत दिसते. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून ७ लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले, आणि टेकड्यांवरच्या छावण्यांत बांबूची शिक्षणकेंद्रे भराभर उभी राहिली. मुले पाळ्यांमध्ये येत आणि केंद्रात सहसा एक बांगलादेशी व एक रोहिंग्या असे दोन शिक्षक असत. पेट्या, दप्तरे, तक्ते यांची तिथे वाण नव्हती. परंतु ही माणसे कायमची राहणार नाहीत या भूमिकेमुळे बांगलादेशाने आपला अभ्यासक्रम शिकवू दिला नाही, आणि म्यानमारचा अभ्यासक्रम शिकवण्यास सरकारची मान्यता मिळायला जानेवारी २०२० उजाडले. मग कोविड आला, आणि प्रत्यक्ष प्रयोग २०२१ च्या अखेरीस सुरू झाला. म्हणजे २०१७ मध्ये सहा वर्षांचे असलेले मूल, कोणत्याही देशात मान्य नसलेले शिक्षण घेत दहा वर्षांचे झाले होते. २०२५ च्या जूनमध्ये निधी आटल्याने यातली बहुसंख्य केंद्रे बंद करावी लागली आणि स्थानिक समाजातून घेतलेल्या एक हजाराहून अधिक शिक्षकांचे काम गेले. पेटी पुन्हा पाठवून हे भरून येणार नाही, कारण तिच्यात शिक्षकाचा पगार नसतो.

मराठी वाचकाला इथे किल्लारी आठवल्याशिवाय राहणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे झोपेत असताना भूकंप झाला. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची जबाबदारी घेतली. पेटी शाळेला मुलाकडे नेते. इथे मुलाला शाळेकडे नेले. या दुसऱ्या मार्गात भाषा तीच, पाठ्यपुस्तक तेच आणि बोर्डही तेच राहिले, त्यामुळे चौथ्या महिन्याचा प्रश्न उद्भवलाच नाही. मात्र दुःखाच्या काळात मूल उरलेल्या घरच्या माणसांपासून लांब गेले. घर आणि घरची माणसे दोन्ही गमावलेल्या मुलासाठी मी पुण्याचा मार्ग निवडेन, आणि आई किंवा आजी उरली असेल तर पेटी व मांडवाचा. दोन्हींपैकी एकच बरोबर असे मी म्हणणार नाही, पण निवड मदत देणाऱ्याच्या सोयीने होऊ नये, एवढा आग्रह धरेन.

काही बारीक उणिवाही आहेत. कुलूपबंद पेटी सुरक्षित असते हे खरे, परंतु किल्ली एकाच माणसाकडे राहिली आणि तो आजारी पडला तर वर्ग अडतो. अशा गोष्टी शिबिरात कोणी सांगत नाही. लाकडी घड्याळ सुबक आहे, पण मोठ्या वर्गात मागच्या मुलाला त्याचे काटे दिसणे कठीण. अंकांचा तक्ता आंतरराष्ट्रीय अंकांचा असतो आणि देवनागरी अंक शिकलेल्या पहिलीच्या मुलाला त्याचा उपयोग मर्यादित आहे, यावर हाताने तक्ता करणे हाच उपाय. तसेच वयात आलेल्या मुलींच्या गरजेचे काहीही या संचात नाही. पुरानंतर सातवी-आठवीच्या मुली शाळेत का येत नाहीत याचे कारण आम्हाला एका अंगणवाडीताईंनी सांगितले, तेव्हा आमच्याकडे वह्यांचे ढीग होते आणि सॅनिटरी पॅडचे एकही पाकीट नव्हते.

गुणच द्यायचे झाले तर पहिल्या पंधरवड्यासाठी मी या पेटीला दहापैकी नऊ देईन, तिसऱ्या महिन्याच्या शेवटी सहा, आणि ज्या जिल्ह्यात वर सांगितलेला तक्ता कोणी भरत नाही तिथे तीनसुद्धा देताना विचार करेन. आपल्याकडे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, तेव्हा तक्ता कोणी भरायचा याविषयी संदिग्धता नाही. तो भरण्यासाठी माहिती गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुख यांच्याकडूनच जाणार.

नदीकाठच्या शाळांनी कोपनहेगनची वाट पाहू नये, आपली पेटी आपणच भरावी. मी ती अशी भरेन: काळा रंग आणि ब्रश, समास असलेल्या मराठी वह्या, बालभारतीच्या प्रत्येक इयत्तेचा एकेक संच, पॅडची पाकिटे, दोन किल्ल्या, आणि सर्वांच्या वर प्लॅस्टिकच्या पिशवीत जनरल रजिस्टरची झेरॉक्स. २०१९ मध्ये आमच्या एका शाळेचे रजिस्टर भिजून पाने चिकटली होती, आणि दहावीनंतर दाखला मागायला आलेल्या मुलांच्या जन्मतारखा जुळवण्यात मुख्याध्यापकांचे अख्खे वर्ष गेले. मे महिन्यात झेरॉक्स काढून ती पेटी गावातल्या उंचावरच्या एखाद्या घरी ठेवायला दोनशे रुपयेही लागत नाहीत.