जुनं सामान घ्यायचंय? बेळगावात आधी पाऊस पडू द्या

माझा मामेभाऊ खानापूर तालुक्यात जांबोटीच्या रस्त्याला वडिलांचं घर उतरवून पुन्हा बांधतोय. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "अक्का, थोरलं दार सुताराकडून नवं करून घेऊ, की वखारीतलं जुनं बघू? कौलांचं पण तेच. आणि हिला झोपाळा पाहिजे." मी म्हटलं, शनिवारी ये, आणि पाऊस असला तर नक्की ये. त्याला हसू आलं. पावसात कोण दार बघायला जातं?

मी जाते, कारण एकदा उन्हात जाऊन चांगलीच फसलेय. एप्रिलमध्ये एका दुकानातून शिसवी म्हणून कपाट आणलं होतं. जूनमध्ये त्याचा खालचा खण अडकला, जुलैत पाठच्या फळीवर बुरशीची पांढरी नक्षी उठली आणि ऑगस्टमध्ये पायाशी रोज चिमूटभर पिठासारखा भुसा पडायला लागला. ते शिसवी तर नव्हतंच. कुठल्याशा हलक्या लाकडाला काळपट पॉलिश मारलं होतं. खण बाहेर काढून उलटा करून बघितला असता तर तेव्हाच कळलं असतं, कारण खणाच्या तळाला कोणी पॉलिश मारत बसत नाही. पण बाहेर ऊन होतं, कपाट चमकत होतं, मी भुलले.

तर तो शनिवारी आला. तरणा पाऊस लागला होता, छत्रीचा काही उपयोग नव्हता. भाऊ आणि भावजय दोघंही भिजून आले आणि आम्ही तिघं निघालो.

बेळगावच्या आसपास जुनं सामान तीन ठिकाणी मिळतं आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. एक, पाडलेल्या घरांच्या लाकडाची वखार: पत्र्याची शेड, दारं-चौकटी एकमेकांना टेकवून उभ्या, तुळया जमिनीवर, मालक कोपऱ्यात खुर्चीवर. दोन, घासूनपुसून मांडलेलं दुकान, जिथं पिवळे दिवे असतात आणि ग्रामोफोनच्या कर्ण्याखाली किमतीची चिठ्ठी असते. तीन, घर पाडतात तिथूनच थेट घेणं. भावाच्या डोक्यात तिसरं होतं, कारण त्याच्या ओळखीचं एक घर शहापुरात उतरणार होतं. थेट घेतलं की स्वस्त पडतं हे खरं, पण तिथं निवडीला वाव नसतो. ठेकेदार म्हणतो, सगळं उचला, आजच उचला. चौकट भिंतीतून काढताना पहार कुठं लागेल ते आपल्या हातात नाही, आणि आणलेलं सामान भर पावसात ठेवायचं कुठं? ज्याच्याकडे कोरडं गोदाम आणि ओळखीचा सुतार आहे त्यानंच त्या वाटेला जावं. भावाकडे सध्या स्वयंपाकघरावरसुद्धा ताडपत्री आहे.

दार

आधी सजवलेल्या दुकानात गेलो. गणेशपट्टी कोरलेलं, पितळी फुलं ठोकलेलं दुपाखी, म्हणजे दोन कवाडांचं दार, चौकटीसकट 48 हजार सांगितले. भावजयीनं कानडीत "कडिमी माडरी" (कमी करा) म्हणून बघितलं, तेव्हा 45 वर आले आणि तिथंच बसले. दार देखणं होतं, नाही म्हणणार नाही. पण एका पाखीच्या खालच्या वीतभर भागाचा रंग वरच्यापेक्षा किंचित ताजा होता. नखानं दाबलं तर लाकूड मऊ लागलं. उंबऱ्याजवळ वर्षानुवर्षं पाणी बसून कुजलेला भाग भरून रंगवला होता. जुन्या दाराची तब्येत खालच्या वीतभरात कळते. वरची नक्षी नंतर बघा.

वखारीत दिवे नव्हते, शेडही गळत होती, आणि त्याचाच आम्हाला फायदा झाला. "बघा की ओ, बघायला पैसे न्हाईत," एवढंच म्हणून मालक पुन्हा चहाकडे वळला. जिथं ओल पोचत होती तिथली हलकी दारं फुगून एकमेकांना चिकटली होती. सागाची तशीच उभी होती, वाकडी न होता. साग ओल घेतच नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लाकूड रुंदीला फुगतंच, लांबीला जवळजवळ नाही. फरक एवढा की पन्नास-साठ पावसाळे काढलेल्या लाकडाचं वळणं-तडकणं बहुतेक होऊन गेलेलं असतं. नव्या दाराचं लाकूड नीट वाळवलेलं नसेल तर पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या फळ्यांत फटी पडतात, आणि सुतार शपथ घेऊन सांगतो की माल वर्षभर वाळलेला होता.

तिथलं एक साधं, नक्षी नसलेलं सागाचं दार आवडलं. चौकटीसकट 26 हजार. भावाच्या सुतारानं नव्या सागाच्या दाराचा अंदाज मजुरी धरून 55 हजार दिला होता. म्हणजे निम्म्यात काम झालं असं वाटेल, पण थांबा. जुन्या दाराच्या पोटात तुटलेले खिळे असतात. एक जरी रंध्याच्या पात्याखाली आला की पात्याची धार जाते, म्हणून सुतार जुन्या लाकडाची मजुरी जास्त लावतात आणि त्यात त्यांची चूक नाही. आम्ही घरून चुंबक नेलं होतं, ते फिरवलं तर एका पाखीत अकरा ठिकाणी चिकटलं. शिवाय बिजागऱ्या बदलणं, टेम्पो, चढउतार. सगळं मिळून सुतारानं वरखर्च आठेक हजार धरला. तरी 34 हजारांत दार उभं राहतं, आणि लाकूड आज बाजारात मिळेल त्यापेक्षा जाड.

दोन गोष्टी मात्र जुन्या दाराच्या विरुद्ध जातात. एक उंची. जुन्या घरांची दारं बुटकी. साडेपाच फुटांची कितीतरी निघाली, आणि माझा भाऊ सहा फुटांचा. आम्ही निवडलेलं सहा फूट चार इंच आहे, ते शेवटच्या रांगेत सापडलं. तुमच्याकडे बुटकंच आलं तर देवघराला किंवा परसदाराला लावा. थोरल्या दाराला वरून तुकडा जोडण्याच्या भानगडीत पडू नका, तो जोड जन्मभर दिसतो. दुसरी गोष्ट रंगाची. हिरव्या-निळ्या ऑइलपेंटचे चार-पाच थर चढलेले असतात. घरगुती रंगातलं शिसं दहा लाखांत 90 भागांवर आणणारा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या थरांत किती शिसं असेल कोण जाणे. कोरड्या पॉलिशपेपरनं घासून ती धूळ घरभर उडवू नका. ओलं करून, बाहेर अंगणात, पोरांना लांब ठेवून खरवडा.

नवं दार कोणी करावं? ज्याची भिंत आधीच बांधून झाली आहे आणि मोकळी जागा ठरलेल्या मापाची आहे त्यानं. जुन्या चौकटीसाठी भिंत फोडणं म्हणजे बटणासाठी सदरा शिवणं.

कौलं

इथं मी भावाच्या मनाविरुद्ध बोलले. त्याला जुनी मंगळुरी कौलं हवी होती, ती काळवंडलेली, शेवाळलेली, छान दिसतात म्हणून. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना 1865 मध्ये सुरू झाला. त्या घडणीची कौलं पुढे अनेक कारखान्यांनी काढली आणि प्रत्येकानं मागच्या बाजूला आपापली छाप उठवली. अडचण तिथंच आहे. दोन छापांची कौलं एकमेकांत चपखल बसत नाहीत, खाचेत दोराएवढा फरक पडतो, आणि जांबोटीकडचा वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस तेवढी वाट शोधतोच. वखारीतल्या ढिगात आम्ही चार वेगळ्या छापा मोजल्या. एकाच छापेची पुरेशी मिळाली, वर फुटतूट धरून शेकडा पंधरा जास्त मिळाली, तरच जुनी घ्या. पारख सोपी आहे: बोटाच्या पेरानं वाजवा, खणखणीत वाजलं पाहिजे, भदभद वाजलं की आत चीर आहे. पाऊस असेल तर आणखी सोपं, ढिगाच्या आतल्या बाजूची कौलं हाताळून बघा. आरपार ओल ज्यात उतरलीय ती बाजूला काढा.

खानापूर तालुक्यात मातीची आणि विटा-कौलांची परंपरा मोठी, नवी कौलं जवळपास मिळतात. मी म्हटलं, थोरल्या छपराला नवी घाल, जुनी पडवीला. पत्रा स्वस्त पडतो, पण पावसात घरात बोललेलं ऐकू येत नाही. कौलं फोडणाऱ्या वानरांचं काय, असं भावजयीनं विचारलं. वानर जुन्या-नव्यात भेद करत नाही.

भांडी, झोपाळा आणि बाकीचं

पितळेचं घंगाळ घ्यायचं तर पावसासारखी सोय नाही. मी ते सरळ शेडच्या पागोळीखाली ठेवलं. पाच मिनिटांत भरलं आणि बुडाच्या जोडातून एक थेंब डोकावला. डाग देऊन घ्यावा लागेल म्हणताच भाव उतरला. भांडी विकत घेताना त्या दिवशीचा मोडीचा भाव आधी विचारून ठेवा. त्याच्या दीडपटीपर्यंत जुनं चांगलं घडीव भांडं घ्यायला हरकत नाही, त्यावर गेलं की तुम्ही दिव्यांचे आणि काचेच्या कपाटाचे पैसे देताय. स्वयंपाकाला वापरायचं असेल तर कल्हई हवीच, नाहीतर आमटी कळकते. बेत फक्त फुलं तरंगत ठेवण्याचा असेल तर कल्हई सोडा.

झोपाळ्याच्या बाबतीत माझं मत उलटं: पाट जुना घ्या, कड्या नव्या घ्या. पितळी कड्यांचे दुवे आतून झिजलेले असतात आणि ती झीज वरून दिसत नाही. त्यावर पोरं उभी राहून झोके घेणार.

जुना पंखा दिसायला राजबिंडा, पण 75-80 वॅट खातो, आजचा चांगला बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30-35 मध्ये भागवतो. गादीच्या खुर्च्या पावसाळ्यात नाकानं तपासा आणि सोडून द्या. वेताच्या घ्या, वेत पुन्हा विणता येतो.

सजवलेल्या दुकानाची बाजू एकदा तरी घ्यायला हवी: लोलकाचं घड्याळ, दौत, कंदील, चिनी बरण्या असल्या नाजूक वस्तूंना तेच बरं. वखारीत त्या एक तर फुटलेल्या असतात किंवा नसतातच. फक्त गोष्टी ऐकून पैसे देऊ नका. कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, साहेबाच्या बंगल्यातली म्हणून जेवढ्या खुर्च्या विकल्या जातात तेवढ्यांना बसायला कॅम्पात साहेब नव्हते. तीच गत किर्लोस्करांची. लक्ष्मणरावांनी 1888 मध्ये इथं सायकलचं दुकान काढलं, पुढे नांगर केले आणि 1910 मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला नेला, म्हणून काही गंजलेला प्रत्येक नांगर बेळगावचा ठरत नाही. लोखंडावर ओतीव नाव वाचता येत असेल तरच मान द्या.

कोणी हळूच मागच्या खोलीत नेऊन दगडी मूर्ती किंवा वीरगळ दाखवली तर पाय काढता घ्या. 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांवरच्या कलावस्तू पुरावस्तू ठरतात, हस्तलिखितांना 75 वर्षं पुरतात, आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. गावच्या वेशीतून उखडलेला दगड आपल्या अंगणात शोभत नाही, हे वेगळंच.

चंदगड-गडहिंग्लजकडून येणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा: जुन्या लाकडाचं पक्कं बिल घ्या आणि वनखात्याकडे वाहतुकीचं आधी विचारून ठेवा. राज्याच्या हद्दीवर शिनोळीला किंवा कोगनोळीला टेम्पो अडवला तर "जुनं दार आहे ओ" एवढ्यावर भागेल या भरवशावर निघू नका.

भावानं दार ठरवलं, पण उचललं नाही. पाच हजार आगाऊ देऊन ते वखारीच्या कोरड्या कोपऱ्यात उभं करून आलोय. आत्ता फुगलेल्या मापावर चौकट बसवली तर मार्चमध्ये फटीतून पाल आत येईल. दसऱ्यानंतर दार न्यायचं, पंधरा दिवस नव्या छपराखाली आडवं ठेवायचं, मग सुताराला बोलवायचं. मालकानं खडूनं पाखीवर "खानापूर" लिहिलं. भावजयीनं खडू मागून घेऊन खाली माप लिहिलं, फोनमध्ये त्याचा फोटो काढला आणि मग घंगाळ डोक्यावर उलटं धरून गाडीकडे पळाली.