नवीन एसीचा आउटडोअर बसवताना तांब्याचा पाईप गेला आणि वर गॅसचेही पैसे गेले

स्प्लिट एसी बसवून घेणार असाल तर हे आधी वाचा, थोडं लांब झालंय पण वाचा. फिटिंगच्या दिवशी घरातले सगळे इनडोअरकडे बघत बसतात, सरळ लागला का, भिंतीला डाग पडला का, रिमोट चालतो का. आणि खरा हात मारला जातो तो बाहेर आउटडोअरपाशी, जिथे धड उभं राहायला जागा नसते, ऊन लागत असतं, आणि काम संपलं की सगळ्यावर पांढरी टेप गुंडाळलेली असते. टेपखाली काय आहे ते कोण उघडून बघतंय.

आमचं मशीन नवीन, दीड टनाचं इन्व्हर्टर, बॉक्स सीलबंद. सोबत तांब्याच्या पाईपचं किट आलेलं, दोन्ही टोकांना टोप्या लावलेलं. विकणाऱ्याने फिटिंगला जो माणूस पाठवला त्याच्या टी-शर्टवर कंपनीचं नाव, गळ्यात कार्ड, बोलायला एकदम गोड. आल्या आल्या त्याने भिंतीकडे बघितलं, हाताने मापल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मॅडम, हे किट इथे पुरणार नाही. आणि कंपनीचा पाईप पातळ असतो, पुढे लिकेज देतो. माझ्याकडे हेवी गेजचा आहे, तो टाकतो, मीटरवर पैसे लागतील." मी विचारलं मग किटमधल्याचं काय, तर म्हणे तो मी घेऊन जातो, बिलात वजा करतो. वजा केलाही, अगदी नावापुरता. भंगारात सुद्धा त्याहून जास्त आले असते.

त्याने आणलेला पाईप काळ्या इन्सुलेशनमध्ये आधीच घातलेला होता. दोन्ही टोकं तेवढी उघडी, आणि ती चक्क तांब्याची, लालसर चकचकीत. मधला सगळा अल्युमिनियम. असे पाईप तयार मिळतात हे मला नंतर कळलं, टोकाला वीतभर तांबं जोडलेलं असतं म्हणजे बघणाऱ्याला सगळा पाईप तांब्याचाच वाटतो. काही कंपन्या मशीनच्या आत अल्युमिनियमचा कॉइल देतात, तो वेगळा विषय, तो फॅक्टरीत बनतो, त्यावर कोटिंग असतं आणि तसं सांगून विकतात. इथे तांब्याचे पैसे घेऊन अल्युमिनियम टाकलं. आणि जिथे दोन धातू एकमेकांना भेटतात तिथे ओलावा लागला की अल्युमिनियम खाल्लं जातं, आउटडोअर तर पावसात उघडाच. पाईप हातात घेऊन बघितला तरी फरक कळतो, तांबं अल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं. पण फिटिंगच्या गडबडीत पाईप कोण उचलून बघतो, आणि समोर किटमधला ठेवून तुलना करावी तर तो आधीच त्याच्या पिशवीत गेलेला.

आता व्हॅक्यूमचं सांगते, कारण मुळातला घोळ तिथेच आहे. नवीन पाईप जोडला की त्यात आणि इनडोअरच्या कॉइलमध्ये साधी हवा असते, आणि हवेत बाष्प असतं. ते पंपाने ओढून काढायचं असतं, मगच आउटडोअरमधला गॅस सोडायचा. नीट काम करणारे आतला दाब ५०० मायक्रॉनच्या खाली नेतात, मायक्रॉन म्हणजे इथे दाबाचं माप. बाहेरची साधी हवा समुद्रसपाटीला ७,६०,००० मायक्रॉनची असते म्हणजे अंदाज येईल किती खाली ते. इतकं खाली गेलं की पाईपमधलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन पंपातून बाहेर पडतं. पंप बंद करून थोडा वेळ थांबतात, काटा वर सरकत नाही ना बघतात, सरकला तर कुठेतरी गळती आहे नाहीतर ओल आहे. ओल आत राहिली तर कंप्रेसरच्या तेलाशी मिसळून आम्ल तयार होतं आणि ते कंप्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग, म्हणजे तारांची गुंडाळी, खातं. हे लगेच दिसत नाही, वॉरंटीची वर्षं सरत आली की दिसतं.

आमच्या माणसाकडे पंपच नव्हता. ड्रिल, पाने, ऍलन की, बस. त्याने काय केलं, दोन्ही पाईप जोडले, जाड पाईपचा नट जरासा ढिला ठेवला, बारीक पाईपचा वॉल्व क्षणभर उघडला, सुस्स आवाज आला, नट आवळला आणि म्हणाला, "झालं, हवा काढली." ह्याला ते पर्जिंग म्हणतात. म्हणजे आपल्याच मशीनमधला फॅक्टरीने मोजून भरलेला गॅस सोडून त्याने हवा ढकलायची. गॅस कमी होतो, ओल तशीच राहते, आणि आर ३२, म्हणजे ह्या मशीनमधला गॅस, थोडाफार ज्वलनशील असतो तो बंदिस्त जागेत सोडणं हे वेगळंच. मी विचारलं होतं की व्हॅक्यूम करतात ना, तर हसला आणि म्हणाला, "मॅडम, ते जुन्या मशीनला. नवीनला गरज नसते." साफ खोटं. कुठल्याही कंपनीचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल उघडा, व्हॅक्यूम लिहिलेलंच असतं.

सुरुवातीला कूलिंग ठीक होतं. मग हळूहळू असं व्हायला लागलं की १८ वर ठेवलं तरी खोली गार होईना, आउटडोअर थांबायचं नाव घेईना. त्यालाच फोन लावला कारण बिलावर त्याचाच नंबर. आला, प्रेशर मोजायचं गेज लावलं, मला बाहेर बोलावून काटा दाखवला, काटा खाली खाली जात शून्याच्या जवळ. "बघा, गॅस संपला. कंपनीवाले अर्धाच भरून पाठवतात." गॅस भरला, सिलेंडर उलटा धरून अंदाजाने, वजनकाटा वगैरे काही नाही. पैसे घेतले आणि गेला. पुन्हा तेच सुरू झाल्यावर परत हेच सांगायला लागला तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं, ओळखीतल्यांनी सुचवलेला, वयस्कर माणूस.

त्या काकांनी सगळ्यात आधी आउटडोअरच्या बाजूचं स्टिकर वाचलं. तिथे गॅस कुठला आणि किती ग्रॅम ते छापलेलं असतं, अर्धा भरून पाठवण्याचा प्रश्नच नाही, ठरावीक लांबीच्या पाईपपुरता गॅस मशीनमध्येच असतो. पाईप त्याहून लांब असेल तरच वर भरायचा, मीटरला किती ग्रॅम ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. आमचा पाईप त्या मर्यादेच्या पुष्कळ आत होता. म्हणजे किट पुरलं असतं हे पण तिथेच कळलं, कारण काकांनी मापला तर बिलावर लिहिलेल्या मीटरपेक्षा तो बराच कमी भरला.

माझ्या मुलाने पहिल्या वेळी गॅस भरतानाचा व्हिडिओ काढलेला, सहज, मोबाईल हातात होता म्हणून. काकांनी तो बघितला, मागे नेला, परत बघितला आणि म्हणाले, "ताई, त्याचा डावा हात बघा." उजव्या हाताने तो मला गेज दाखवतोय आणि डाव्या हातात वॉल्व फिरवायची ती वाकडी ऍलन की, बारीक वॉल्वमध्ये घातलेली, मनगट हळूच फिरतंय. काकांनी लगेच करून दाखवलं. मशीन चालू, गेज जाड पाईपच्या सर्व्हिस पोर्टला, म्हणजे गेज लावायच्या तोंडाला, काटा एका जागी स्थिर. बारीक वॉल्व बंद करत गेले तसा काटा पडत गेला, कारण कंप्रेसर ओढतोय आणि इनडोअरकडे गॅस जायचा रस्ताच बंद केलाय. सगळा गॅस आउटडोअरमध्ये अडकून बसतो, गेजवर मात्र शून्य. वॉल्व उघडला की काटा परत वर. एसी काढून दुसरीकडे न्यायचा असतो तेव्हा गॅस वाचवायला मुद्दाम हेच करतात, पंप डाउन म्हणतात त्याला. चांगल्या कामाची पद्धत, आणि त्याने ती मला गंडवायला वापरली. अर्धवट बंद केला की त्या बारीक वॉल्वच्या तोंडाशी दव आणि बर्फ जमतो, व्हिडिओत तो पण दिसत होता, आम्हाला तेव्हा वाटलं गार हवा येतेय म्हणजे चांगलंच आहे.

गेजच्या काट्यावर फार विश्वास ठेवू नका असंही ते म्हणाले आणि कारण सांगितलं ते पटलं. मशीन बंद असताना प्रेशर तापमानावर ठरतं, आत गॅस किती आहे त्यावर नाही. २५ अंशाला आर ३२ चं प्रेशर साधारण २३० पीएसआय (प्रेशरचं माप) असतं, आत थोडा जरी लिक्विड शिल्लक असेल तरी तेवढंच दाखवेल. चालू मशीनमध्ये इन्व्हर्टरचा कंप्रेसर कमी जास्त वेगाने फिरतो त्यामुळे काटा तसाही हलता. जुन्या मशीनमधल्या आर २२ गॅसला चालताना सत्तरच्या आसपास असायचं, आर ३२ ला १२० च्या आसपास असतं, म्हणून कोणी जुना आकडा सांगून "जास्त आहे, काढावा लागेल" म्हणेल तर तो पण फसवतोय. गॅस भरायची खरी रीत म्हणजे सगळा काढायचा, व्हॅक्यूम करायचा आणि स्टिकरवर लिहिलेत तेवढे ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरायचे. वरून थोडा टॉप-अप मारणं म्हणजे आंधळ्याने दिवा लावण्यासारखं आहे.

पण कूलिंग तर खरंच कमी झालं होतं, मग गळती कुठे? साबणाचं पाणी लावलं. पाईपचं टोक पसरवून (त्याला फ्लेअर म्हणतात) जिथे नटाने आवळतात तिथे बारीक फेस आला आणि टेप कापत गेल्यावर जिथे तांबं संपून अल्युमिनियम सुरू होतं त्या सांध्यावर मोठा बुडबुडा. काकांनी पाईपवर कानस फिरवली, आतून पांढरा निघाला. इतका राग आला मला तेव्हा, काय सांगू. नट खोलला तर फ्लेअर एका बाजूला जाड एका बाजूला पातळ, आतली कडा साफ न करता तसाच पसरवलेला, आणि नट पान्याने इतका आवळलेला की पितळेला चीर. टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळायचा पाना, असतो ह्या कामाला, पाव इंची पाईपला साधारण १४ ते १८ न्यूटन मीटरच लागतो, अंगातलं बळ नाही लागत.

बाकीचं पण बघून घेतलं. ब्रॅकेट फास्टनरने नाही तर प्लॅस्टिकच्या गुट्टीत स्क्रू मारून लावलेलं, खालून माणसं जातात हो, आउटडोअर म्हणजे तीस चाळीस किलोचं धूड. रबर पॅड नाहीत. केबलला मध्ये जोड, वर टेप. अर्थिंगची वायर वळवून नुसती खोचलेली, जोडलेलीच नाही. मागे भिंतीपासून चार बोटंही जागा सोडलेली नाही, मॅन्युअलमध्ये सोडायला सांगितलेली असते, नाहीतर आउटडोअरला श्वासच घेता येत नाही आणि कंप्रेसर उगाच तापतो. ह्यातल्या प्रत्येक कामाचे पैसे बिलात होते बरं का, फास्टनरचे सुद्धा.

कंपनीला फोन केला तर त्यांच्याकडे ह्या सिरीयल नंबरचं इन्स्टॉलेशनच नोंदलेलं नाही. तो माणूस त्यांचा नव्हताच, टी-शर्ट कुठून आणला देव जाणे. खरा टेक्निशियन येतो तेव्हा कंपनीकडे तक्रार नंबर पडलेला असतो, मोबाईलवर मेसेज येतो, जॉबशीटवर सिरीयल नंबर असतो. आमच्याकडे नुसतं पिवळ्या कागदावरचं बिल. विकणारा आधी म्हणाला फिटिंगवाला आणि तुम्ही बघून घ्या. मग मी कापलेला पाईप, बिल आणि व्हिडिओ घेऊन गिऱ्हाईकांची गर्दी होती तेव्हाच गेले आणि तिथेच टेबलावर ठेवलं. पाईपचे आणि गॅसचे पैसे परत मिळाले. फिटिंगचे नाही दिले, म्हणे मशीन तर बसवलंय ना. कंप्रेसरच्या वॉरंटीचं कंपनीने लेखी मागितलंय, काकांनी नवीन तांब्याचा पाईप टाकून व्हॅक्यूम करून स्टिकरप्रमाणे गॅस भरल्याचा कागद दिलाय, तो जोडून पाठवलाय, उत्तर अजून आलेलं नाही.

एक राहिलंच. आउटडोअरच्या वॉल्ववर पितळेच्या टोप्या असतात, त्या शोभेच्या नाहीत, गॅस अडवायला त्यांचाही भाग असतो. आमच्या दोन टोप्या गायब होत्या. काम झालं की तो माणूस जिना उतरायच्या आत बाहेर जाऊन त्या मोजा, सर्व्हिस पोर्टची धरून सहसा तीन असतात.